नंबर, नाव आणि दुसऱ्यांची लेकरं

शिक्षक म्हणून नेमणुकीचा आदेश हातात आला की पुढचे दिवस वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत जातात. त्याच दिवसांत गावात दुसरी एक पडताळणी सुरू झालेली असते. आदेशाची यादी तालुक्याच्या ग्रुपवर पडलेली असते. शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाचा तरी मुलगा फेसबुकवर नाव टाकून बघतो, आणि नवीन मॅडम किंवा नवीन सर फाटकातून आत यायच्या आधीच ते कसे आहेत हे चार घरांत ठरून जातं.

केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षणसेवकांचे (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकांचे) फोन आणि खाती नीट लावून द्यायचं काम आम्ही करत आलो आहोत. ऑनलाइन ओळख म्हटलं की नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे पोस्ट येतात, म्हणजे काय लिहावं आणि काय लिहू नये. खरं तर पोस्टमुळे होणारं नुकसान कमी आणि दुरुस्त होणारं असतं. जे दुरुस्त होत नाही ते मोबाइल नंबर, नावाची मांडणी आणि मुलांचे फोटो या तीन गोष्टींत होतं. त्यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित.

सुरुवात मात्र नंबरापासून, कारण तो एकदा शाळेच्या फलकावर रंगवला गेला की परत घेता येत नाही. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलला दिलेला, आधारला आणि बँकेला जोडलेला जो नंबर आहे, तो ओटीपीचा नंबर. तो तसाच घरगुती राहू द्या. पालक, केंद्राचा ग्रुप, रोज येणारे गुगल फॉर्म आणि शाळेचा फलक यांसाठी दुसरं सिम घ्या. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६,००० रुपये मानधन मिळतं. त्यात दुसरा फोन घ्यायची काही गरज नाही, दोन सिमचा एकच फोन पुरतो. खर्च वाढतो तो दुसऱ्या रिचार्जचा.

बरेच जण हे उलटं करतात. जुना नंबर सगळ्यांकडे आहे म्हणून तोच पालकांना देतात आणि नवीन सिम खासगी ठेवतात. मग आधार, बँक, पवित्र आणि पगाराची शालार्थ प्रणाली, सगळीकडे नंबर बदलत बसावं लागतं. एखादं ठिकाण राहून जातं, आणि नेमकं तिथलंच ओटीपी दोन वर्षांनी लागतं. दुसऱ्या सिमचंही एक पथ्य आहे. सलग ९० दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. शाळेच्या फलकावरचा नंबर अनोळखी माणसाकडे जाणं ही छोटी गोष्ट नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्या सिमवर रिचार्ज असलाच पाहिजे.

एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालवायची सोय आता अँड्रॉइडवर आहे, पण शिक्षकाने ती वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन्ही खाती सारखीच दिसतात. बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ घाईत पालकांच्या बाजूला स्टेटस म्हणून जातो आणि लक्षात येईपर्यंत तीस जणांनी बघितलेला असतो. घरच्या नंबराला साधं व्हॉट्सॲप आणि शाळेच्या नंबराला व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. चिन्ह वेगळं असतं, त्यामुळे बोट चुकत नाही. शिवाय चॅटचं पार्श्वचित्रही दोन्हीकडे वेगळ्या रंगाचं ठेवा.

आता एक बारीक पण नडणारी गोष्ट. ॲप दोन असली तरी फोनमधली संपर्कयादी एकच असते. घरच्या नंबरावर तुम्ही डीपी आणि स्टेटस ‘माझे संपर्क’ असं ठेवलंत, आणि शाळेच्या कामासाठी चाळीस पालकांचे नंबर फोनमध्ये साठवलेत, तर ते चाळीस जणही ‘माझे संपर्क’ झाले. उद्या तुमचा घरचा नंबर कुठून तरी त्यांच्यापर्यंत पोहोचला, की डीपी दिसायला लागतो. म्हणून घरच्या नंबरावर स्टेटससाठी ‘फक्त यांच्याशी शेअर करा’ निवडून घरच्यांची आणि मित्रांची यादी एकदा बसवून टाका. डीपीसाठी ‘यांना वगळून’ हा पर्याय वापरा. ‘मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं’ हे दोन्ही नंबरांवर तपासा. ते सगळ्यांसाठी उघडं राहिलं तर निवडणूक जवळ आली की एक दिवस कुठल्या तरी उमेदवाराच्या प्रचार ग्रुपमध्ये तुमचं नाव दिसतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट तुमच्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलेला असतो. दोन्हीकडे सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी लावा. पिन जन्मतारखेची नको. का, ते पुढे येईल.

बिझनेस ॲपमध्ये शाळेबाहेरच्या वेळेसाठी आपोआप जाणारा निरोप लावता येतो. तो कोरडा नको आणि लांबही नको. असा चालतो: “नमस्कार. आपला निरोप मिळाला. शाळेच्या दिवशी संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत उत्तर देईन. मुलाच्या तब्येतीची किंवा तातडीची बाब असल्यास कृपया मुख्याध्यापकांना फोन करावा.” हा निरोप फोनचं नेट चालू असेल तरच जातो, आणि वैयक्तिक चॅटलाच जातो, ग्रुपला नाही. पण तो लावूनही तुम्ही स्वतः रात्री साडेदहाला एका पालकाला उत्तर दिलंत, तर सगळं मुसळ केरात. दुसऱ्या दिवशी गावात कळलेलं असतं की मॅडम रात्री असतात. पहिले दोन महिने वेळ कडकपणे पाळली की लोक आपणहून पाळतात.

पालकांचा ग्रुप करताना फक्त ॲडमिनने लिहायचं हे सेटिंग आणि मुख्याध्यापकांना दुसरं ॲडमिन करणं, या दोन गोष्टी बहुतेक जण करतात. एक राहते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वर्गातल्या मुलींच्या आयांचे नंबर तुम्ही चाळीस घरांपुढे मांडलेले असतात. त्यातून रात्री-अपरात्री फोन सुरू झाले की बाई ग्रुप सोडते, कारण सांगत नाही, आणि मुलीचा अभ्यास तिच्यापर्यंत पोहोचणं बंद होतं. यावर उपाय म्हणजे व्हॉट्सॲप कम्युनिटी करून तिचा सूचना ग्रुप वापरणं. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. ब्रॉडकास्ट यादीतही नंबर झाकलेले राहतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो निरोप पोहोचतो. पहिल्या पालकसभेत नंबराची चिठ्ठी वाटून तिथेच साठवून घेतल्याशिवाय ब्रॉडकास्टचा उपयोग नाही.

सातवी-आठवीची मुलं वडिलांच्या फोनवरून मेसेज करतात. “मॅडम मी रोहिणी” असं येतं. उत्तर द्यायचं ते पालकाला उद्देशून, “रोहिणीला सांगा…” असं. मुलाशी थेट गप्पा, व्हिडिओ कॉल, आपोआप पुसले जाणारे मेसेज यांतलं काहीही नको. इन्स्टाग्रामवर विद्यार्थ्याची विनंती आली तर स्वीकारायची नाही, आणि वर्गात सगळ्यांना एकदाच सांगून टाकायचं की मी कुणाचीच घेत नाही. एकट्यादुकट्याला नकार दिला तर ते मूल दुखावतं. हा नियम सरांसाठी जितका, तितकाच बाईंसाठीही आहे. मुलाच्या आणि आपल्या मध्ये घरचं माणूस कायम उपस्थित राहिलं पाहिजे, फोनवरसुद्धा.

एक अडचण टळत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम लागलं की नाव आणि नंबर निवडणूक यंत्रणेकडून मतदारांसाठी उघड होतो. तिथे शाळेचाच नंबर द्या. घरचा दिला असेल तर आधीची सगळी मांडणी वाया जाते.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, फेसबुकवर टोपणनाव, आणि जीमेलचा पत्ता अकरावीत काढलेला, ज्यात ‘किंग’ किंवा ‘एंजल’ आणि पुढे जन्मसाल. बायकांच्या बाबतीत त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव मिसळतं. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचा, आणि पगाराच्या नोंदीत तिसरंच काहीतरी. कागदोपत्री नाव बदलणं ही वेगळी आणि लांबची प्रक्रिया आहे. ऑनलाइन मात्र एकच काम करायचं. नेमणूक आदेशावर जसं नाव आणि जसं इंग्रजी स्पेलिंग आहे, तसंच ते प्रत्येक व्यावसायिक ठिकाणी ठेवायचं. दीक्षा ॲपवर नाव एक आणि आदेशावर दुसरं असेल, तर प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं त्या दुसऱ्या नावाने निघतात आणि मग ती कुणाची हे सिद्ध करत बसावं लागतं. फेसबुकवर मूळ नावासोबत माहेरचं आडनाव जोडता येतं, पण एकदा नाव बदललं की ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणून स्पेलिंग आधी कागदावर लिहून घ्या.

जीमेल नवीन काढा. पत्त्यात नाव आणि आडनाव असावं. लागलंच तर मधल्या नावाचं आद्याक्षर घ्या. जन्मसाल नको, शाळेचं नाव नको, ‘झेडपी’ही नको. जिल्हा परिषदेच्या बदल्या ऑनलाइन होतात, शाळा बदलते आणि पत्ता चुकीचा ठरतो. शाळेचं स्वतःचं जीमेल वेगळं असतंच. ते स्वतःच्या फोनवर कायमचं लॉग-इन करून ठेवू नका, आणि त्याच्या पासवर्डात युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, नको. सत्तावीसने सुरू होणारा तो अकरा आकडी क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो.

मग स्वतःला शोधायचं. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, नाहीतर गुगल तुमच्याच सवयीप्रमाणे निकाल दाखवतं. नाव अवतरण चिन्हांत घालून देवनागरीत शोधा, मग इंग्रजीत, मग आडनाव आधी घेऊन, मग तालुक्याच्या नावासोबत. शेवटी नुसता मोबाइल नंबर शोधा. चित्रांचा विभागही बघा. अर्धा तास लागतो. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असं वर्षातून दोनदा करावं.

नंबर टाकल्यावर निघणारी आणि सगळ्यात जास्त अवघडवणारी गोष्ट म्हणजे लग्नाचा बायोडाटा. कुठल्यातरी वधू-वर मंडळाच्या यादीत जन्मवेळ, उंची, पगार, मामाचं गाव आणि वडिलांचा नंबर असा सगळा तपशील पडलेला असतो. ज्या मंडळाने टाकला त्याला काढायला लेखी कळवा. काढल्यावरही गुगलवर काही दिवस जुनी आवृत्ती दिसत राहते. त्यासाठी कालबाह्य मजकूर हटवण्याची विनंती गुगलच्याच पानावरून करता येते. मूळ पान काढलेलं नसेल तर ती विनंती चालत नाही, म्हणून क्रम बदलू नका.

सेवाज्येष्ठता यादी आणि बदलीपात्र शिक्षकांच्या यादीचं तसं नाही. जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये नाव, शाळा, रुजू दिनांक, अनेकदा जन्मतारीख आणि प्रवर्गही असतो. ती नोंद तुमच्या हातात नाही. म्हणूनच जन्मतारीख कुठल्याही पिनमध्ये, पासवर्डात किंवा सुरक्षा प्रश्नाच्या उत्तरात वापरायची नाही. शिक्षकाची जन्मतारीख गुपित नसतेच.

जुन्या पोस्टचा प्रश्न इथल्या शिक्षकांना वेगळ्या रीतीने पडतो. अभियोग्यता चाचणी दिल्यानंतर भरतीची वाट बघण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांनी त्या काळात सरकारवर, मंत्र्यांवर, खात्यावर भरपूर लिहिलेलं असतं. ते लिहिलं यात काही गैर नव्हतं. नोकरीच नव्हती तर सेवेचे वर्तणूक नियमही लागू नव्हते. अडचण एवढीच की स्क्रीनशॉट पसरवणारा तारीख कापून पसरवतो. फेसबुकवर जुन्या पोस्टचा प्रेक्षकवर्ग एका झटक्यात मर्यादित करायची सोय आहे. सगळ्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. ते दाबण्याआधी स्वतःच्या माहितीची प्रत उतरवून घ्या, कारण नंतर सगळ्या एकदम पुन्हा सार्वजनिक करता येत नाहीत. दोन गोष्टी त्यातून सुटतात. सध्याचा कव्हर फोटो सार्वजनिकच राहतो. आणि दुसऱ्याने टाकलेल्या, तुम्हाला टॅग केलेल्या पोस्ट जशाच्या तशा राहतात. त्यासाठी टॅग तपासूनच टाइमलाइनवर येऊ देण्याचं सेटिंग लावा आणि जुने टॅग हाताने काढा. भरतीच्या टेलिग्राम ग्रुपांत तुमचा नंबर अजून हजारोंना दिसत असेल. तिथे ‘माझा नंबर कोण बघू शकतं’ याला ‘कोणीही नाही’ करा. ट्रूकॉलरवर स्वतःचा नंबर टाकून बघा. कॉलेजात कुणी कुठल्या नावाने साठवला होता तेच नाव पालकाच्या स्क्रीनवर झळकत असतं.

आणि आता फोटो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत फोटो काढणं हा कामाचाच भाग झाला आहे. पोषण आहाराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, शाळापूर्व तयारी मेळाव्याचा फोटो, सगळं ‘आज पाच वाजेपर्यंत’ पाठवायचं असतं. त्यासाठी फोनमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा असतो. तो फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापतो. आता एक साधा फोटो डोळ्यांपुढे आणा. चौथीतली मुलगी हातात कडुलिंबाचं रोप घेऊन उभी आहे. मागे शाळेच्या नावाची कमान. डाव्या बाजूला वर्गाच्या उघड्या दारातून फळा दिसतो आणि त्यावर आजचे गैरहजर विद्यार्थी नावानिशी लिहिलेत. मुलीच्या दप्तराला वहीवरचं लेबल चिकटलंय, त्यावर तिचं पूर्ण नाव. खाली पट्टीत जागेचा ठावठिकाणा आणि सकाळचे १०:४२. हा फोटो अहवालात गेला तर अहवाल आहे. तोच स्टेटसला गेला तर कुठलाही अनोळखी माणूस त्या मुलीला नावाने हाक मारू शकतो आणि ती रोज कुठे असते ते त्याला ठाऊक असतं.

म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचे दोन फोटो काढायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. पट्टीवाला फोटो फक्त अहवालासाठी, आणि पाठवून झाला की गॅलरीतल्या वेगळ्या फोल्डरात. दुसरा साध्या कॅमेऱ्याने, लोकेशनची नोंद बंद करून, दाखवण्यासाठी. हा दुसरा कसा काढायचा ते शिकायला थोडा वेळ लागतो, पण जमतं. मुलांच्या पाठीमागून, खांद्यावरून, त्यांच्या हातांवर आणि वहीवर रोख धरून काढा. चिंचोक्यांचे दहाचे गठ्ठे मांडणारे दोन हात हा वर्गातल्या गणिताचा उत्तम फोटो आहे. त्यात शिकणं दिसतं, चेहरा लागत नाही. ओळीत उभं करून, कॅमेऱ्याकडे बघायला लावून काढलेल्या फोटोत फक्त शिस्त दिसते. फोटो काढण्याआधी फळा पुसा, हजेरीपट मिटा, वहीच्या लेबलवर बोट ठेवायला सांगा.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्याच्या आत दडलेली लोकेशनची माहिती गळून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. चांगली क्वालिटी जावी म्हणून डॉक्युमेंट पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि पट्टीवर छापलेला पत्ता तर चित्राचाच भाग असतो, तो कशानेच गळत नाही.

संमतीपत्र जूनमध्येच घ्या, प्रवेशाच्या कागदांबरोबर. ‘फोटो काढण्यास हरकत नाही’ अशी एक ओळ पुरत नाही. तीन वेगळे चौकोन करा: शाळेच्या भिंतीवर लावणे, खात्याच्या अहवालात पाठवणे, आणि इंटरनेटवर सर्वांना दिसेल असं टाकणे. पालक जिथे खूण करील तेवढंच. खाली आईची किंवा वडिलांची सही, तारीख, आणि ‘ही संमती कधीही मागे घेता येईल’ हे वाक्य. मुदत एका शैक्षणिक वर्षाची. वाचता न येणाऱ्या पालकाला वाचून दाखवा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघून जातात आणि मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. तेव्हा विचारायला कुणी नसतं, म्हणून जूनमध्येच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि पालकाच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. ती आपली मुलं नाहीत, आपल्या विश्वासावर सोडलेली आहेत.

संमती असली तरी काही फोटो टाकायचेच नाहीत. वह्या, गणवेश, चपला वाटपाचा फोटो, ज्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्या मुलाचे डोळे खाली असतात, तो कधीच नको. दात्याला आभाराचा फोटो हवा असेल तर वह्यांचा गठ्ठा आणि मुलांनी लिहिलेलं पत्र पाठवा. दिव्यांग मुलाचा ‘प्रेरणादायी’ फोटो नको. नापास झालेल्या, मार खाल्लेल्या, रडणाऱ्या मुलाची रील नको. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाचा गमतीदार व्हिडिओ लाखो लोक बघतात, आणि त्या मुलाला ते उत्तर दहावीपर्यंत ऐकावं लागतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला मनाई केली आहे, आणि पॉक्सोच्या कलम २३ ने अत्याचारग्रस्त मुलाची ओळख. वर्गातल्या कुठल्या मुलाच्या बाबतीत असं काही चालू आहे, हे शिक्षकाला नेहमी ठाऊक असतंच असं नाही. चेहरा न दाखवण्याची सवय तिथेही राखते.

कागदांचंही तसंच. जनरल रजिस्टरच्या (प्रवेशाच्या नोंदवहीच्या) पानावर जात असते, निकालपत्रकावर गुण, अपार आयडीच्या (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाच्या) यादीत आधारची माहिती. केंद्राला पाठवायची एक्सेल गुगल ड्राइव्हवर टाकून ‘लिंक असलेला कोणीही’ करून ठेवली, की ती लिंक फिरत राहते. काम झालं की शेअरिंग बंद करा. आठवड्यातून एकदा ड्राइव्ह उघडून बघण्याचा वार ठरवून टाका, शनिवार बरा.

नियमांचं थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत, खासगी अनुदानित शाळांना १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली. समाजमाध्यमांबद्दल सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय आहे, आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, गोपनीय कागद टाकू नका, योजनेच्या यशाबद्दल लिहिताना आत्मस्तुती नको, असं त्यात आहे. शिक्षकांना सगळ्यात जवळून भिडणारा मुद्दा मात्र वेगळा आहे. प्रोफाइल फोटो सोडला तर पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन आणि इमारत यांचा वापर वैयक्तिक फोटो-रीलमध्ये टाळायचा आहे. शाळा ही इमारतच आहे. वैयक्तिक इन्स्टावर वर्गात काढलेली रोजची रील त्यात बसते. मार्ग एकच दिसतो: वर्गातलं काम शाळेच्या अधिकृत पानावर, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने टाका. तोंडी ‘टाका हो’ यावर जाऊ नका. शिक्षणसेवकाची तीन वर्षं ही नियमित होण्याआधीची वर्षं आहेत, आणि तक्रार झाली की तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.

शिकवणीची जाहिरात तर नकोच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई केली आहे. नोकरी लागण्याआधी चालवलेल्या क्लासचं पान, गुगल मॅपवरची क्लासची खूण, त्यावरचा तुमचा नंबर, हे रुजू होण्याआधी बंद करा. नकाशावरची खूण नवे लोक हमखास विसरतात. यूट्यूबचंही जपून. १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं झालं की जाहिरातीचे पैसे सुरू करता येतात. पण सेवेत असताना ते बाहेरचं उत्पन्न ठरतं, म्हणून आधी परवानगी मागा, मग बटण दाबा.

एवढं आवरल्यावर दाखवायचं काय? वर्गात नेमकं काय अडलं आणि ते कसं सुटलं, ते दाखवा. एक साधं गुगल साइटचं पान पुरतं. त्यावर वर्षाला चार-पाच नोंदी झाल्या तरी खूप. हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलांच्या वह्या तपासल्या, चूक नेमकी शून्यावरून उसनं घेताना होते हे दिसलं, त्यासाठी काड्या-गठ्ठ्यांचा कोणता खेळ केला, किती दिवस केला, नंतर पुन्हा तीच उदाहरणं दिली तेव्हा काय झालं. मुलांची नावं नाहीत, चेहरे नाहीत, साहित्याचे आणि वहीतल्या आकडेमोडीचे फोटो. अशी नोंद पुढे राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणात, किंवा पुरस्काराच्या प्रस्तावात जशीच्या तशी कामाला येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम होतं. दुसऱ्या वर्गात उचलून वापरता येईल असं काहीतरी त्यात होतं. आपल्या नोंदीलाही हीच कसोटी लावा: शेजारच्या शाळेतल्या बाईंना ती वाचून उद्या तसं करता येईल का? बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि दुसऱ्यांचे प्रश्नसंच स्वतःच्या पानावर चढवू नका. मूळ जागेची लिंक द्या.

शहरातल्या सीबीएसई किंवा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळांत लिंक्डइन बघितलं जातं. तिथेही हेच पान जोडा, आणि संस्थेच्या करारात समाजमाध्यमांचं कलम आहे का ते सही करण्याआधी वाचा.

तुमच्या नावाने खोटं खातं निघालं आणि पालकांकडे पैसे मागायला लागलं, तर आधी त्या खात्याची लिंक आणि स्क्रीनशॉट घ्या. नुसतं नाव चालत नाही, ते बदललं जातं. मग त्याच ॲपवर ‘दुसऱ्याच्या नावाने वावर’ म्हणून तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करा. कुणाचे पैसे गेले असतील तर त्यांना लगेच १९३० वर फोन करायला सांगा, तिथे तासांचं महत्त्व असतं. पालकांच्या सूचना ग्रुपवर एकच ओळ: “माझ्या नावाने पैसे मागणारा मेसेज माझा नाही, कृपया उत्तर देऊ नये.” खुलासे लांबवू नका.

बदली झाली की कार्यमुक्त होण्याच्या आठवड्यात शाळेच्या यूट्यूब चॅनलवर आणि पानावर मुख्याध्यापकांना मालक करा. चॅनल स्वतःच्या जीमेलवर काढलेलं असेल तर हे जमणं अवघड जातं, म्हणून पहिल्या दिवशीच ते शाळेच्या खात्यावर काढायचं आणि स्वतःला फक्त व्यवस्थापकाची परवानगी घ्यायची. पालकांच्या ग्रुपचं ॲडमिनपद नव्या वर्गशिक्षकाला देऊन बाहेर पडा. फोनमधले मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर पुसा, गुगल फोटोंच्या कचरापेटीतूनही. शेवटी रंगारी बोलावून दर्शनी फलकावरचा आपला नंबर पुसून घ्या. नुसता पांढरा हात मारला तर खालचे आकडे उन्हात पुन्हा दिसायला लागतात, दोन हात द्यायला सांगा.